चंद्रपुरास दोन दिवस : एका पायीं सहलीचा बेत

सुटीचे दोन दिवस हातीं आले म्हणजे मुलांच्या तोंडीं ‘कोठें तरी जाऊं या’ हें वाक्य येतें, आणि वडील मंडळींच्या तोंडीं ‘कशाला?’ हा प्रश्न येतो. दोन्ही बोलणीं आपआपल्या परी बरोबर आहेत. ‘कोठें तरी’ जाणारा बहुधा कोठेंच पोंचत नाहीं. आणि ‘कशाला’ याचें उत्तर ज्याच्यापाशीं नाहीं, त्यानें घरीं राहून कापूस वेंचलेला बरा. म्हणून प्रस्तुत लेखांत कोरपना भागांतील मुलांनीं एक शनिवार व एक रविवार धरून चंद्रपूर शहर पायीं कसें पाहावें, याचा बेत मांडावयाचें योजिलें आहे. खर्च थोडा, श्रम बेताचे आणि पाहावयाचें पुष्कळ, असा हा बेत आहे.

कोणी म्हणेल, चंद्रपूर काय पाहावयाचें? तें तर आमच्या पायाखालचें! खरें आहे. कोरपन्याहून गडचांदूर, राजुरा, बल्लारपूर या वाटेनें गेलें तर तें शहर लागतें, आणि तेथें कधींच न गेलेला मुलगा आमच्या वर्गांत क्वचितच आढळेल. परंतु मीं एकदां नववीच्या वर्गांत विचारलें कीं, चंद्रपुरांत तुम्हीं काय पाहिलें? उत्तरें आलीं तीं अशीं : बसस्थानक, सरकारी दवाखाना, आजोबांच्या शेताच्या दाव्याचें कोर्ट, आणि ताईच्या लग्नाच्या साड्यांचें दुकान. शहरास वेशी किती, असें पुढें विचारतां एकानें ‘एक, जटपुरा गेट’ असें सांगितलें, कारण त्याची रिक्षा तेथें अर्धा तास अडकून पडली होती. कामाकरितां गेलेल्या माणसास काम तेवढें दिसतें, यांत मुलांचा दोष नाहीं. पण ज्या शहराच्या भोंवतीं शेंकडों वर्षांचा दगडी परकोट उभा आहे, त्या परकोटाच्या पोटांतून आपण दहा वेळां जातों आणि त्याकडे मान वर करून पाहत नाहीं, ही गोष्ट मनाला लागल्यावांचून राहिली नाहीं.

शिवाय आपल्या तालुक्याला चंद्रपुराशीं एक वेगळें नातें आहे. आज जिल्ह्याचें ठिकाण म्हणून आपण तिकडे धांव घेतों. परंतु वर्धा नदीच्या अलीकडचा हा राजुऱ्याचा मुलूख हैदराबादच्या निजामी राज्यांत होता. १९४८ सालीं तें राज्य भारतांत आलें. त्यानंतर १९५६ सालीं राजुरा तालुका नांदेड जिल्ह्यास जोडला गेला आणि १९५९ सालीं चांदा जिल्ह्यांत आला. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या दृष्टीनें वर्धा ओलांडणें हें दुसऱ्या राज्यांत जाणें होतें. चांदा हेंच चंद्रपुराचें जुनें सरकारी नांव होय. ज्याच्या घरीं एखादे वृद्ध आजोबा आहेत, त्यानें निघण्यापूर्वीं त्यांच्यापाशीं बसून या गोष्टी विचाराव्या. सहलीचा पहिला भाग घरींच सुरू होतो.

आतां बेताकडे वळण्याआधीं एक कबुली देणें मला भाग आहे. कांहीं वर्षांपूर्वीं मीं स्वतः आखलेली एक सहल फसली, आणि ती फसली म्हणूनच हा लेख लिहावयास घेतला आहे. त्या वेळीं माझ्या यादींत चौदा स्थळें होतीं आणि दिवस एकच होता, तोही मार्चचा. चौदा स्थळें लिहिलेला तो कागद मोठा भारदस्त दिसत असे! सकाळीं मुलें गाडींतून उतरलीं तीं धांवतच. पाणी भरपूर घेतलें होतें, पण तें गाडींत राहिलें आणि आम्ही परकोटावर होतों. अकराच्या सुमारास आठवीचा एक विद्यार्थी बुरुजाच्या सावलींत बसला. ‘चालावयाचें नव्हतें तर आलास कशाला?’ असें मी त्यास म्हणालों. तो उठला, अर्धा तास मुकाट्यानें चालला आणि मग पाय व पाठ धरून खालीं कोसळला. त्याला दवाखान्यांत नेलें तेव्हां डॉक्टरांचे प्रश्न दोनच होते : याला सिकलसेल आहे काय, आणि सकाळपासून यानें पाणी किती प्यालें? पहिल्याचें उत्तर मला ठाऊक नव्हतें. दुसऱ्याचें ठाऊक होतें, तें सांगतांना मान खालीं गेली.

सिकलसेल हा आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या भागांत पुष्कळ घरीं असणारा आनुवंशिक विकार आहे. आपल्या रक्तांतील तांबड्या पेशी वाटोळ्या आणि लवचीक असतात; या विकारांत त्या विळ्याच्या आकाराच्या व ताठ होतात. अंगांतील पाणी कमी झालें, अतिश्रम झाले, फार थंडी वाजली किंवा ताप आला म्हणजे अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, रक्ताची वाट बंद होते आणि हाडांत असह्य कळा उठतात. हा रोग स्पर्शानें होत नाहीं. आई व वडील अशा दोघांकडूनही तो दोष आला तरच मुलास विकार होतो. एकाकडून आला तर मूल नुसतें वाहक असतें आणि त्यास बहुधा कांहीं त्रास होत नाहीं. यांत लपविण्यासारखें कांहीं नाहीं. तरी त्या मुलानें घरचें तपासणीचें कार्ड लपविलें होतें, कां, तर तें दाखविलें असतां गुरुजी सहलीस नेणार नाहींत! आणि खरें सांगावयाचें तर मीं नेलें नसतें.

चार दिवसांनीं तो बरा झाला. त्याच्या आईनें मला एका शब्दानें दूषण दिलें नाहीं. ती एवढेंच म्हणाली, ‘गुरुजी, त्यानें किल्ला पाहिला का?’ त्यानें कांहींच पाहिलें नव्हतें. इतरांनीं तरी काय पाहिलें होतें? चौदांपैकीं नऊ स्थळें झालीं, आणि दुसऱ्या दिवशीं निबंध लिहावयास सांगितला तेव्हां बहुतेकांनीं दवाखान्याचें वर्णन केलें.

तेव्हांपासून मी बेत उलट्या बाजूनें आखतों. आधीं स्थळांची यादी न करतां आधीं मुलांची यादी करावी. सर्वांत हळू चालणारा कोण, तो तासाला किती चालतो, त्याला किती वेळां बसावें लागतें, हें पाहून मग त्याच्या पायांत बसेल तेवढें शहर निवडावें. चपळ मुलाला यांत कंटाळा येईल अशी भीति कोणी दाखविल्यास ती खरी मानूं नये. चपळ मुलाच्या हातीं नकाशा व पेन्सिल द्यावी. थांबलेल्या वेळांत त्याला काम पुरतें.

आतां प्रत्यक्ष गणित करूं. चंद्रपूरचा परकोट सुमारें ११ किलोमीटर घेराचा आहे. एकटा मोठा माणूस सडकेनें तासाला पांच किलोमीटर सहज जातो. परंतु तीस-चाळीस मुलांची रांग, तीही दगडगोट्यांतून, तासाला तीन किलोमीटरांहून अधिक जात नाहीं. म्हणजे नुसत्या चालण्याला पावणेचार तास लागले. दर अर्ध्या तासाला दहा मिनिटें बसावयाचें, तो एक तास आणखी. चार वेशींपाशीं अर्धा अर्धा तास पाहणें, ऐकणें, चित्र काढणें, याचे दोन तास. एकूण बेरीज सात तासांच्या घरांत जाते. एका दिवसांत सात तास उन्हांत राहणें मुलांना झेपणारें नाहीं. पण तेंच दोन सकाळींत विभागलें तर रोजचे साडेतीन तास होतात, आणि दुपार विश्रांतीला मोकळी राहते. दोन दिवस कां पाहिजेत, याचें उत्तर हें आहे.

काळ कोणता निवडावा? उन्हाळ्याचा विचारही करूं नये. मे महिन्यांत चंद्रपूरचा पारा ४७-४८ अंशांपर्यंत चढतो आणि देशांतल्या सर्वांत तप्त गांवांत त्याचें नांव येतें. पावसाळ्यांत वाटेचाच भरवसा नसतो. वर्धेला पूर आला कीं भोयेगांवचा पूल पाण्याखालीं जातो, आणि मोठ्या पुरांत राजुरा-बल्लारपूरची वाटही बंद पडते. दिवाळीनंतर हवा उत्तम असते, पण त्या वेळीं घरोघरीं कापसाची वेंचणी चालूं असते, आणि ज्या घरचे चार हात कमी होतात त्या घरचा दिवस बुडतो हें शिक्षकानें विसरूं नये. म्हणून पहिली मोठी वेंचणी आटोपल्यावर, जानेवारीचा एखादा शनिवार-रविवार पालकांस विचारून ठरवावा. विचारून म्हणजे चिठ्ठी पाठवून नव्हे, सभा भरवून. चिठ्ठी मुलाच्या खिशांतच राहते.

खर्चाविषयीं थोडें. खर्च तीन बाबींचा : प्रवास, मुक्काम व जेवण. प्रवास एस्. टी. नें करावा. पांच ते बारा वर्षांच्या मुलांस अर्धें भाडें पडतें. मार्च २०२३ पासून स्त्रियांस व मुलींसही सर्व गाड्यांत अर्ध्या भाड्याची सवलत मिळाली, तेव्हां सोबत येणाऱ्या मातांचा व शिक्षिकांचा भार हलका झाला. भाड्याचे दर आणि सवलती बदलत असल्यामुळें निघण्याच्या आठवड्यांत आगारांत जाऊन विचारावें. मुक्कामाकरितां महिनाभर आधीं एखाद्या शाळेस किंवा धर्मशाळेस पत्र लिहावें, आणि उत्तर हातीं आल्यावांचून दिवस पक्का करूं नये. पहिल्या दिवसाची दुपारची शिदोरी घरूनच असावी. ज्वारीची भाकरी, तिळाची चटणी व कांदा यांच्यासारखें दुपारपर्यंत टिकणारें अन्न नाहीं. वर्गणी तीन हप्त्यांत घ्यावी. ज्याला ती देणें कठीण असेल त्याचें नांव वहींत वेगळ्या शाईनें लिहूं नये, किंवा वर्गांत वाचूं नये. सहल करून आलेल्या मुलाच्या मनांत पुढें अनेक वर्षें काय राहील तें सांगतां येत नाहीं, पण ही एक गोष्ट खात्रीनें राहते.

पाण्याची व्यवस्था पाण्याच्या पिंपावर सोडूं नये. प्रत्येकाच्या खांद्याला त्याची बाटली पाहिजे, आणि थांबा आला म्हणजे तहान लागो न लागो, सर्वांनीं चार घोट घेतलेच पाहिजेत. ज्यांस सिकलसेल, दमा, फिट यांपैकीं कांहीं असेल त्यांच्या पालकांनीं तें शिक्षकांस एकांतांत सांगावें, औषधें व कार्ड सोबत द्यावें, आणि शिक्षकांनीं तें कळल्यावर मुलास वगळूं नये. डॉक्टरांस विचारून बेत त्याच्यापुरता सोपा करावा. जानेवारींत रात्रीं थंडी पडते व तीही या मुलांस बाधते, याकरितां कांबळें हें जिन्नस यादींत पहिलें लिहावें.

शनिवारीं सकाळच्या पहिल्या गाडीनें निघून साडेनवाच्या सुमारास जटपुरा दरवाजापाशीं उभें राहावें. शहराच्या चार वेशी आहेत : उत्तरेस जटपुरा, पश्चिमेस बिनबा, दक्षिणेस पठाणपुरा आणि पूर्वेस अंचलेश्वर. यांखेरीज पांच लहान वाटा असून त्यांस खिडक्या म्हणतात. चोर खिडकी, विठोबा खिडकी, हनुमान खिडकी, मसण खिडकी व बगड खिडकी हीं त्यांचीं नांवें. मसण म्हणजे स्मशान; ज्या वाटेनें प्रेत जावयाचें ती वाट वेगळी. नांवांवरूनच जुन्या शहराचा व्यवहार कसा ओळखूं येतो पाहा! दरवाजाच्या दगडांवर हत्तीला नमविणारा सिंह कोरलेला आहे, तें गोंड राजांचें चिन्ह होय. तें प्रत्येक मुलानें आधीं शोधावें. शिक्षकानें बोट दाखवूं नये. जटपुऱ्याची गर्दी मात्र भयंकर असते. मोटारी, दुचाक्या, हातगाड्या आणि गाई एकाच कमानींतून जातात. तेव्हां रांगेच्या पुढें एक व मागें एक मोठा माणूस ठेवून दहा-दहांच्या टोळीनें रस्ता ओलांडावा.

येथेंच सावलींत बसून शहराची जन्मकथा सांगावी. गोंड राजांची गादी आधीं सिरपूरला, मग वर्धेच्या कांठीं बल्लारपूरला होती. बल्लारपूरच्या खांडक्या बल्लाळशहा राजाच्या अंगावर गांठी उठल्या होत्या व औषधांनीं त्या जात नव्हत्या. एकदां शिकारींत तहान लागून तो झरपट नदीच्या एका डबक्याचें पाणी प्याला, तोंड धुतलें, आणि त्याची व्यथा गेली. तेथें पुढें अंचलेश्वराचें देऊळ झालें. नंतर एके दिवशीं कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा उलटून राजाच्या कुत्र्याचा पाठलाग करूं लागला. ससा ज्या वाटेनें धांवला त्याच वाटेनें तट बांधावा, असा सल्ला राणीनें दिला, आणि त्या तटाच्या आंत वसलें तें चंद्रपूर, अशी आख्यायिका आहे. ती इतिहास म्हणून सांगूं नये, पण सांगितल्यावांचूनही राहूं नये. कारण परकोट इतका वांकडातिकडा कां, याचें सशाहून गोड कारण मला अद्याप सापडलेलें नाहीं. एका राजानें आरंभिलेलें हें बांधकाम त्याच्या मागून आलेल्या राजांनीं पुरें केलें. पुढें १७५१ सालीं चांद्याचें राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेलें, आणि १८१८ च्या मे महिन्यांत कर्नल ॲडॅम्स याच्या इंग्रज फौजेनें तोफांनीं तटास खिंडार पाडून शहर घेतलें. किल्लेदार गंगासिंग लढतां लढतां पडला. एवढा इतिहास पहिल्या दिवशीं पुरे.

जटपुऱ्याहून डाव्या हातास शहर व उजव्या हातास बाहेरची बाजू ठेवून पश्चिमेकडे चालूं लागावें. जेथें तटाच्या माथ्यावरून जातां येतें तेथें माथ्यावरून, जेथें येत नाहीं तेथें पायथ्याच्या गल्लीनें. कोठें कोठें घरें तटाला इतकीं चिकटलीं आहेत कीं लोकांचे वाळत घातलेले कपडे व परकोट यांत हातभर अंतर उरत नाहीं. अशा ठिकाणीं मोठ्यानें ओरडूं नये. आपण कोणाच्या तरी अंगणांतून जात आहों. हा तट भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या संरक्षणाखालीं आहे, म्हणून त्यावर नांव कोरणें हा केवळ असभ्यपणा नसून गुन्हा आहे. २०१७ सालापूर्वीं यावर झुडपें व कचरा इतका माजला होता कीं चालणें अशक्य होतें. त्या वर्षीं इको-प्रो या स्थानिक संस्थेच्या स्वयंसेवकांनीं रोज सकाळीं हातांत कुऱ्हाडी व घमेलीं घेऊन बुरुजामागून बुरूज मोकळा केला, आणि शहरच्या लोकांस आपल्या तटावरून फिरावयास शिकविलें. आम्हांस आज जी वाट सांपडते ती त्यांनीं काढलेली आहे.

स्पेन देशांत आव्हिला नांवाचें शहर आहे. संत तेरेसेचें गांव म्हणून ख्रिस्ती वाचकांस तें नांवानें ठाऊक असेल. त्याचा तट सुमारें अडीच किलोमीटर लांबीचा आहे. तो जागतिक वारशांत १९८५ सालीं गणला गेला, आणि आठवड्याची सुटी काढून, तिकीट घेऊन, लोक त्याच्या माथ्यावरून चालावयास येतात. चालून झालें कीं खालच्या चौकांत बसून खातात-पितात, बाजार पाहतात. आपला तट त्याच्या चौपट लांब. तेथल्यासारखी डागडुजी मात्र येथें नाहीं; कठडे कोठें निसटलेले, दगड कोठें सैल. तेव्हां कडेला बसणें, बुरुजावरून वांकणें किंवा मधमाशांच्या पोळ्याखालीं गलका करणें हें कटाक्षानें टाळलें पाहिजे.

पश्चिमेच्या अंगास इरई नदी व पूर्वेच्या अंगास झरपट, अशा दोन नद्यांच्या कुशींत शहर वसलें आहे. बिनबा वेशीजवळ थांबून मुलांनीं नकाशांत इरई काढावी. याच उंचीवरून क्षितिजाकडे औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात कीं काय तें पाहावें. २९२० मेगावॉट एवढी त्या केंद्राची शक्ति आहे, आणि त्याला लागणारा कोळसा शहराच्या अंगाला लागून असलेल्या खाणींतून निघतो. शहराची वर्दळ, पैसा व काळवंडलेली हवा, तिन्ही त्या एका कोळशापासून. साडेबारा-एकपर्यंत पठाणपुरा वेस गांठली म्हणजे दिवसाचें चालणें संपलें. शिदोरी सोडावी, आणि तीनपर्यंत कोणीही उठूं नये.

दुपारनंतर लालपेठेकडे रिक्षानें जावें. तेथें उघड्यावर प्रचंड दगडी मूर्ति पडल्या आहेत. त्यांत दहा तोंडांची एक दुर्गा आहे, तिला लोक कधीं कधीं रावण समजतात. एका धनिक व्यापाऱ्यानें भव्य मंदिर बांधण्याच्या हेतूनें त्या घडविल्या. पण तो वारला आणि मंदिर राहिलें तें राहिलेंच. मूर्तीशेजारीं एका मुलास निजवून तिची लांबी ‘मुलां’त मोजावी, असा आमचा प्रघात आहे.

संध्याकाळीं गोल बाजार. येथें मुलांस चौघांच्या टोळ्यांत सोडावें व काम द्यावें : कोरपन्याच्या आठवडी बाजारांत मिळणाऱ्या पांच जिनसांचे येथले भाव विचारून वहींत टिपून आणणें. पहिल्यांदा मुलें लाजतात, मग दुकानदारच त्यांना उलट प्रश्न विचारूं लागतात, कोठलीं, कितवींत, कापूस किती झाला. तर्री-पोहे व मुंगवडे यांची सोय येथें भरपूर आहे. फक्त उघड्यावरचें पाणी पिऊं नये. भेटण्याची जागा व वेळ आधीं ठरवून द्यावी, आणि मोजणी केल्यावांचून पाऊल उचलूं नये.

रविवारीं सातलाच निघावें. ज्यांस उपासनेला किंवा देवळांत जावयाचें असेल त्यांनीं तें आधीं उरकावें. पठाणपुऱ्याहून झरपटेच्या बाजूनें अंचलेश्वर वेशीकडे जावयाचें. या वाटेचें सोनें म्हणजे अंचलेश्वराजवळील गोंड राजांच्या समाध्या. त्यांत बीरशहाची समाधि सर्वांत मोठी. अठराव्या शतकाच्या आरंभीं राणी हिराईनें पतीच्या स्मरणार्थ ती बांधविली. जवळच महाकालीचें मंदिर आहे, त्याच्या बांधकामाशींही हिराईचें नांव जोडलें जातें. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला तेथें नांदेड-परभणीकडून व तेलंगणांतून हजारों माणसें येतात. तलवारीच्या जोरावर नांव राखणारे राजे पुष्कळ झाले. या बाईनें विधवा झाल्यावर राज्य सांभाळलें आणि दगडांत नांव ठेविलें. मुलींनीं येथें जरा अधिक वेळ बसावें, असें मी मुद्दाम सुचवितों.

तुरुंग जुन्या किल्ल्यांत आहे. १८५८ सालीं २१ ऑक्टोबर रोजीं गोंड वीर बाबूराव शेडमाके यांस इंग्रजांनीं तेथें फांशीं दिलें. आंत सहज प्रवेश मिळत नाहीं. बाहेर दोन मिनिटें उभें राहून ही गोष्ट सांगावी. वेळ उरल्यास दीक्षाभूमीही पाहावी. डॉ. आंबेडकरांनीं नागपूरच्या सोहळ्यानंतर दोनच दिवसांनीं, १६ ऑक्टोबर १९५६ रोजीं, चंद्रपुरांत लोकांस बौद्ध धम्माची दीक्षा दिली.

मग रामाळा तलाव. गोंडकालीन हें तळें परकोटाच्या आंतच आहे; कडेला बसून पाय मोकळे करावे, आणि बगड खिडकीवरून पुन्हां जटपुऱ्याकडे यावें. वर्तुळ पुरें झालें. येथें प्रत्येकानें आपला नकाशा मिटवून घ्यावा; ज्याच्या तटाचीं दोन टोकें जुळत नाहींत त्यानें चूक कोठें झाली तें शोधावें. बहुतेकांचीं जुळत नाहींत.

ताडोबा या बेतांत नाहीं, म्हणून मुलें रुसतात. तें जंगल वाहनांतून, आगाऊ नोंदणी करून पाहावयाचें, मंगळवारीं बंद, पावसाळ्यांत गाभा बंद, आणि वाघ दिसेलच याची हमी नाहीं. दोन दिवसांत शहर आणि जंगल असे दोन्ही गांठूं पाहणाऱ्यानें माझी चौदा स्थळांची यादी आठवावी.

परतीची गाडी थेट कोरपन्याची न धरतां बल्लारपुरास उतरावें. तें वाटेवरच आहे, चंद्रपुराहून सुमारें पंधरा किलोमीटर. १९४५ सालीं स्थापन झालेल्या कागद कारखान्यानें हें गांव देशांत ठाऊक झालें, पण आपण जावयाचें तें नदीकांठच्या जुन्या किल्ल्यांत. राजा येथून निघून चंद्रपुरास गेला, तेव्हां कथेचा शेवट आपण आरंभाच्या जागीं येऊन करतों.

दुसऱ्या सहलीच्या वेळीं मी वर सांगितलेला तो विद्यार्थी दहावींत होता. या खेपेस त्याचें कार्ड माझ्या पिशवींत होतें आणि तो रांगेच्या सर्वांत पुढें चालत होता, कारण त्याची चाल हीच आमची चाल असें ठरलें होतें. दर अर्ध्या तासाला शिटी तोच वाजवी, व सर्वांनीं पाणी प्यालें कीं नाहीं तें तोच पाही. त्या दोन दिवसांत एकही मूल आजारी पडलें नाहीं. दोघांच्या चपला तेवढ्या तुटल्या. बल्लारपूरच्या तटावर बसून तो नकाशाची दुसरी प्रत काढीत होता. एक शाळेस द्यावयाची होती. दुसरी कोणाकरितां, असें मीं विचारलें नाहीं.

तटाखालून वर्धा वाहते, आणि पलीकडच्या तीरावर राजुऱ्याचा मुलूख दिसतो. येथें अर्धा तासच बसावें. बल्लारपुराहून राजुऱ्याकडे जाणाऱ्या गाडीची वेळ सकाळींच विचारून ठेवावी. राजुऱ्यास गाडी बदलावी लागली तर पुढें गडचांदूर व कोरपना दिवस मावळण्यापूर्वीं गांठणें कठीण होतें, आणि पालक तिठ्यावर वाट पाहत उभे असतात.